मिनी नेमकी कुणाची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘शोरूममध्ये मिनी कूपर बघितली. विकणारा म्हणतो ब्रिटिश गाडी, माझा मेहुणा म्हणतो बीएमडब्ल्यूची, म्हणजे जर्मन. खरं कुणाचं? जुन्या चिमुकल्या मिनीशी हिचं काही नातं आहे, की नुसतं नाव उचललंय? आणि जुनी मिळाली तर घ्यावी का?’

दोघांचंही खरं आहे, म्हणून तर हा वाद मिटत नाही. मी पुण्यात ३२ वर्षं गॅरेज चालवतोय. सुरुवात ॲम्बॅसिडर आणि पद्मिनीवर झाली, पुढे जुन्या ब्रिटिश गाड्या उभ्या करायचं वेड लागलं. आजवर ४ मिनी माझ्या हातून गेल्या. त्यामुळे इतिहास सांगताना मी अधूनमधून बॉनेट उघडणार, तेवढं चालवून घ्या.

आधी एक गैरसमज काढतो. १९५९ साली मिनी नावाची कंपनी नव्हती, आणि खरं तर मिनी नावाची गाडीही नव्हती. ऑस्टिन आणि मॉरिस या दोन जुन्या प्रतिस्पर्ध्यांना १९५२ मध्ये एकत्र आणून ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, म्हणजे बीएमसी, उभी केली होती. (याच घरातली मॉरिस ऑक्सफर्ड आपल्याकडे ॲम्बॅसिडर झाली. म्हणजे मिनी आपल्या ॲम्बीची चुलत बहीण.) लग्न लागलं, पण चुली वेगळ्याच राहिल्या. डीलर वेगळे, बिल्ले वेगळे, गिऱ्हाइकंही वेगळी. म्हणून २६ ऑगस्ट १९५९ ला एकच गाडी दोन नावांनी बाजारात आली: ऑस्टिन सेव्हन आणि मॉरिस मिनी-मायनर. एक बर्मिंगहॅमजवळच्या लाँगब्रिजची, दुसरी ऑक्सफर्डजवळच्या काउलीची. फरक पुढच्या जाळीचा, बिल्ल्याचा आणि रंगांचा. कर धरून किंमत ५०० पौंडांच्या जरा आत. लोकांच्या तोंडी ‘मिनी’च बसलं, तेव्हा ऑस्टिननं १९६२ मध्ये आपल्या गाडीचं नाव ऑस्टिन मिनी करून टाकलं. ऑस्टिन आणि मॉरिस ही दोन्ही आडनावं गळून नुसतं ‘मिनी’ उरलं ते १९६९ मध्ये. गाडी आधी, ब्रँड दहा वर्षांनी.

ही गाडी जन्माला आली ती सुएझमुळे. जुलै १९५६ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं, पुढे लढाई जुंपली, कालवा बंद पडला आणि डिसेंबरपासून ब्रिटनमध्ये पेट्रोल रेशनवर आलं. लोक बबल कार घेऊ लागले. अंड्यासारखा आकार, मोटरसायकलच्या ताकदीचं इंजिन, तीन नाहीतर चार चाकं. त्यांतली इसेटा तर पुढून फ्रिजच्या दारासारखी उघडायची. हिचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. बीएमसीचे प्रमुख सर लेनर्ड लॉर्ड यांना असल्या गाड्या डोळ्यांपुढे नको होत्या. त्यांनी ॲलेक इसिगोनिसला हातातलं मोठ्या गाडीचं काम बाजूला ठेवून छोटी, पण खरीखुरी गाडी करायला सांगितलं. अट एकच, इंजिन कारखान्यात बनतंय तेच वापरायचं.

इसिगोनिस हा वेगळाच माणूस. जन्म १९०६ चा, स्मर्ना शहरातला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझमीर. वडील ग्रीक वंशाचे पण ब्रिटिश नागरिक, आई बव्हेरियन. १९२२ मध्ये शहर पेटलं तेव्हा कुटुंब बाहेर पडलं, वडील वाटेत माल्टात वारले, आणि मायलेक इंग्लंडला पोचले. बॅटरसी पॉलिटेक्निकमध्ये हा गणितात तीनदा नापास. पण हातात पेन्सिल आली की गाडी कागदावर उतरायची. १९४८ ची मॉरिस मायनर त्याचीच. मिनीसाठी त्याच्याबरोबर मोजकी माणसं होती. त्यांतल्या मुख्य इंजिनिअरचं नाव जॅक डॅनियल्स, आणि नाही, त्याचा बाटलीशी काही संबंध नव्हता.

आता बॉनेट उघडतो, कारण मिनीचा खरा इतिहास तिथे आहे. इसिगोनिसनं ठरवलं की गाडी १० फूट लांब, आणि त्यातली ८ फूट माणसांना आणि सामानाला. उरलेल्या दोन फुटांत चार सिलिंडरचं इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढची चाकं ओढायची सगळी यंत्रणा. लांबीच्या दिशेनं उभं इंजिन त्यात बसणारच नव्हतं, म्हणून आडवं टाकलं. आडवं इंजिन ही काही त्याची एकट्याची कल्पना नव्हे. पण आडव्या इंजिनाच्या शेजारी गिअरबॉक्स लावला तर रुंदी पुरत नव्हती. तेव्हा त्यानं गिअरबॉक्स उचलून इंजिनच्या खाली, ऑइलच्या चेंबरमध्ये टाकला. एकच ऑइल इंजिनलाही आणि गिअरलाही.

कागदावर हे ऐकायला सोपं वाटतं. मी पहिल्यांदा मिनीचं ऑइल काढलं तेव्हा समजलं. ड्रेन प्लगला, म्हणजे ऑइल सोडायच्या बुचाला, चुंबक असतं, आणि त्या चुंबकावर चांदीच्या लवेसारखा लोखंडाचा चुरा उभा होता. गिअरच्या दातांची झीज ज्या ऑइलमध्ये उतरते, तेच ऑइल बेअरिंगांमध्येही फिरतं. शिवाय गिअर ते ऑइल अखंड कुटत असतात, त्यामुळे ते लवकर पातळ पडतं. म्हणून या गाडीला २०डब्ल्यू-५० हे जाडसर ऑइल घालायचं आणि ५००० किलोमीटरच्या आत बदलायचं. किलोमीटर भरले नसले तरी वर्षातून एकदा तर नक्कीच. यात कंजूषी केली की आधी गिअर बोलतो, मग इंजिन.

दुसरी भानगड बघा. सुरुवातीच्या नमुन्यांत कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, पुढच्या बाजूला होता. नंतर अख्खं इंजिन अर्धा फेरा फिरवलं. कारणं दोन सांगतात, थंडीत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरायचा आणि गिअरच्या सिंक्रोवर, म्हणजे गिअर अलगद पडावा म्हणून असलेल्या कड्यांवर, ताण यायचा. फिरवल्यामुळे मध्ये एक जादा गिअर घालावा लागला, तोच आयडलिंगला खुळखुळतो. आणि प्लगना वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे आमच्या भाषेत डेल्को, आला थेट जाळीच्या मागे, पावसाच्या तोंडावर. बर्मिंगहॅमच्या रिमझिमीत कुरकुर करणारी गाडी सह्याद्रीत काय करेल, विचार करा. एकदा जुलैत एक मिनी चाचणीसाठी ताम्हिणीकडे नेली. डेल्कोवरचं रबरी झाकण बाकावर काढून ठेवलं होतं, ते बसवायचं मीच विसरलो. घाटात समोरून एसटी आली, तिनं डबक्यातलं पाणी उडवलं, आणि आमची गाडी चारवरून दोन सिलिंडरवर आली, मग शांत. कॅप काढून पुसली, बरोबरच्या मुलाच्या शर्टानं. परत येऊन इंग्लंडातल्या जुन्या मालकांची युक्ती केली: रबरी हातमोजा घ्यायचा, बोटांची टोकं कापायची, प्लगच्या वायरी त्यांतून ओवायच्या आणि मोजा कॅपवर चढवायचा. चार प्लगच्या आणि एक कॉइलची, पाच वायरी, पाच बोटं. जणू मापानं शिवलाय.

पाण्यावरून आठवलं. १९५९ च्या पहिल्या गाड्या खालूनही गळायच्या. तळाच्या पत्र्याचा जोड उलट्या दिशेनं दुमडला होता. पुढून येणारं पाणी जोडावरून घसरून जाण्याऐवजी आत शिरायचं. गालिचे ओले, मालक वैतागलेले. चाचण्या कोरड्या उन्हाळ्यात झाल्या होत्या, त्यामुळे कुणाच्या लक्षातच आलं नाही असं सांगतात. दोष पुढे काढला, पण त्या एका हंगामात गाडीची बरीच थट्टा झाली.

सस्पेन्शन मात्र मला आजही हात जोडायला लावतं. गाडीचं वजन ६०० किलोच्या आसपास. चार माणसं आणि सामान टाकलं की भार दीडपट होतो. स्टीलच्या स्प्रिंगचं गणित अशा गाडीत जमत नाही: रिकाम्या गाडीला बेताची केली तर भरल्यावर बसते, भरल्या गाडीला बेताची केली तर रिकामी उडते. ॲलेक्स मोल्टन या रबरातल्या जाणकारानं स्प्रिंगच्या जागी रबराचे शंकू दिले. दाबत जाल तसं रबर घट्ट होतं, म्हणजे भार वाढेल तशी स्प्रिंग आपोआप कडक. जागाही मुठीएवढी. चाकं १० इंची. डनलॉपच्या माणसांना इसिगोनिसनं दोन हातांत अंतर धरून दाखवलं, त्यांनी मोजपट्टी लावली, असा किस्सा आहे. खरं-खोटं त्यालाच ठाऊक, पण अशा मापाचे टायर डनलॉपला नव्यानं करावे लागले हे नक्की. चारही चाकं अगदी कोपऱ्यांत गेली, गाडी जमिनीला चिकटून वळू लागली. रस्त्यातला प्रत्येक खड्डा कण्याला कळतो, ती वेगळी गोष्ट.

काटकसर तर ठिकठिकाणी. दाराच्या काचा सरकत्या, म्हणून दार आतून पोकळ; त्या पोकळीत मोठे खण. त्यांत जिनच्या बाटल्या मापात बसतात अशी दंतकथा आहे, आणि इसिगोनिसला जिन आवडायची हे खरं. सुरुवातीच्या गाड्यांत दार उघडायला आतून दोरीसारखी केबल ओढायची. बिजागऱ्या बाहेर, पत्र्याचे जोडही बाहेर. रेडिओ त्याला पसंत नव्हता, फार आरामशीर सीटही नको. चालवणाऱ्यानं जागं राहावं हे त्याचं मत.

आता तुमच्या प्रश्नातलं ‘कूपर’. जॉन कूपर हा रेसिंग गाड्या बनवणारा. १९५९ आणि १९६० ही दोन्ही वर्षं फॉर्म्युला वनचं उत्पादकांचं विजेतेपद त्याच्याकडे होतं. मिनी वळणावर कशी चिकटते हे त्यानं ओळखलं. इसिगोनिसला ही कल्पना फारशी रुचली नव्हती, त्याच्या लेखी ही सर्वसामान्यांची गाडी होती. पण वरिष्ठांनी १००० गाड्यांना परवानगी दिली. १९६१ मध्ये ९९७ सीसी, ५५ अश्वशक्ती आणि पुढे डिस्क ब्रेक असलेली मिनी कूपर आली. साध्या गाडीत ८४८ सीसी आणि ३४ अश्वशक्ती होती, त्या मानानं ही उडीच. कूपरला दर गाडीमागे २ पौंड मिळायचे.

१९६४ च्या जानेवारीत पॅडी हॉपकर्क आणि हेन्री लिडन यांनी ३७ नंबरची लाल मिनी घेऊन माँटे कार्लो रॅली जिंकली, ४.७ लिटरच्या व्ही-८ फोर्ड फाल्कनच्या नाकावर टिच्चून. छोट्या इंजिनांना गुणांत सवलत होती हे कबूल करायला हवं. १९६५ मध्ये बर्फाच्या वादळात टिमो मॅकिनेन जिंकला. १९६६ मध्ये तर पहिल्या तीनही जागा मिनीच्या. आणि तिथे अधिकाऱ्यांनी दिवे बघितले. पुढच्या दिव्यांत एकाच तारेचे नव्या जातीचे बल्ब होते, डिप-अपरची सोय मूळ गाडीसारखी नव्हती. तिन्ही मिनी बाद, चौथी आलेली ब्रिटिश फोर्डही बाद, आणि पहिला नंबर फ्रेंच सिट्रॉएनला. माझ्या मते नियम त्यांच्या बाजूनं होता, मन नव्हतं. बीएमसीला जिंकून मिळाली नसती एवढी प्रसिद्धी त्या बाद होण्यानं मिळाली. १९६७ ला राउनो आल्टोनेननं परत येऊन रॅली जिंकली, या वेळी दिवे नियमातले.

मग एवढी गाजलेली गाडी, कंपनी बुडाली कशी? फोर्डनं एक मिनी विकत घेतली, नटबोल्टपर्यंत सुटी केली आणि हिशेब मांडला: दर गाडीमागे बीएमसीला सुमारे ३० पौंडांचा तोटा. आकड्यावर आजही वाद आहे, पण नफा फारसा नव्हता याबद्दल नाही. किंमत बाजारातल्या लहान गाड्या बघून ठरवली होती, खर्च बघून नाही. गॅरेजवाल्यालाही हा मोह होतो, म्हणून मी यावर जास्त बोलत नाही.

पुढचं मालकीचं प्रकरण भराभर सांगतो. १९६८ मध्ये सगळं ब्रिटिश लेलँडमध्ये गेलं. त्यांनी कूपरशी करार संपवला आणि १९७१ मध्ये ब्रिटनमधली कूपर बंद केली. गंमत म्हणजे मिनी सर्वांत जास्त बनल्या त्याच वर्षी, ३ लाखांच्या वर. १९७५ मध्ये कंपनी सरकारनं घेतली. १९८० मध्ये मिनीची जागा घ्यायला मेट्रो नावाची गाडी आणली. तिचं आयुष्य संपलं तरी मिनी चालूच. जपानमध्ये तिला नवे चाहते मिळाले, १९९० मध्ये कूपर परत आली. १९८८ मध्ये रोव्हर या नावाखाली सगळा पसारा ब्रिटिश एरोस्पेसकडे, आणि १९९४ मध्ये बीएमडब्ल्यूकडे. शेवटची जुनी मिनी लाँगब्रिजमधून बाहेर पडली ४ ऑक्टोबर २००० ला. तोवरचा एकूण आकडा ५३,८७,८६२.

इथे तुमच्या मेहुण्याला सांगायला एक मजा. बीएमडब्ल्यूनं मोटारीच्या धंद्यात पाऊल टाकलं ते १९२८ मध्ये जर्मनीतल्याच आयझनाखची एक कंपनी विकत घेऊन. ती कंपनी डिक्सी नावाची गाडी बनवायची, आणि ती होती परवाना घेऊन बनवलेली ऑस्टिन सेव्हन. हो, तेच नाव, जे पुढे पहिल्या मिनीला दिलं. आणि ती इसेटा आठवते? जर्मनीत ती बनवत होती बीएमडब्ल्यूच, इटालियन परवान्यावर. दीड लाखाहून जास्त विकल्या आणि पडत्या काळात कंपनी तगली. म्हणजे जिला रस्त्यावरून हुसकायला लॉर्डसाहेबांनी मिनी बनवून घेतली, ती बनवणारेच शेवटी मिनीचे मालक झाले. वर आणखी एक: रोव्हर विकत घेतली तेव्हा बीएमडब्ल्यूचे प्रमुख असलेले बेर्न्ड पिशेट्सरीडर हे इसिगोनिसचे नात्यातले. इसिगोनिस १९८८ मध्येच गेला होता, त्याला यातलं काही बघायला मिळालं नाही.

२००० मध्ये बीएमडब्ल्यूनं रोव्हरवर पाणी सोडलं. कंपनी १० पौंडांत दिली, पण मिनी हे नाव आणि तयार होत आलेली नवी गाडी स्वतःकडे ठेवली. २००१ मध्ये ती काउलीतून बाहेर पडली. ती बनते इंग्लंडात आणि तिची मालकी म्युनिकची, म्हणून विकणाराही बरोबर आणि मेहुणाही. यंत्रात मात्र नातं फारसं नाही. लांबी ३.०५ मीटरवरून ३.६ च्या पुढे, वजन जवळपास दुप्पट, सुरुवातीचं इंजिन ब्राझीलमध्ये बनलेलं. गिअरबॉक्स चेंबरमध्ये नाही, इंजिनच्या शेजारी. ही शेजारची मांडणी इटलीच्या दान्ते जियाकोसाची, १९६४ च्या ऑटोबियांकी प्रिमुलामधली, आणि जगानं शेवटी तीच उचलली. आपली मारुती ८०० बघा: इंजिन आडवं, पुढची चाकं ओढणारी, गिअरबॉक्स शेजारी. विचार इसिगोनिसच्या वाटेवरचा, जुळणी जियाकोसाची. नवी मिनी यंत्रानं जुन्या मिनीपेक्षा मारुतीच्या जास्त जवळची आहे, हे शोरूममध्ये म्हणू नका.

आणि लाँगब्रिजचं काय झालं? मिनी गेली, तेव्हा त्या उरलेल्या एमजी रोव्हरला विकायला लहान गाडी हवी होती. २००३ मध्ये त्यांनी ती घेतली पुण्याहून. टाटा इंडिका, बिल्ला बदलून सिटीरोव्हर. ज्या कारखान्यानं मिनी काढली, त्याच्या मालकांना लहान गाडी आमच्या पिंपरीकडून मागवावी लागली. तेव्हा आमच्या गॅरेजमध्ये पेढे वाटायचे राहिले. २००५ मध्ये ती कंपनी बंद पडली.

राहिला शेवटचा प्रश्न, जुनी घ्यावी का. घ्या, पण रोजच्या गाडीसारखी नाही. तिचा रेडिएटर डाव्या बाजूला असतो आणि पंखा गरम हवा चाकाच्या कमानीकडे फेकतो. मे महिन्यात सिग्नलवर काटा वर चढणार, हे धरूनच चला. सुट्या भागांची चिंता नको, नवी आख्खी बॉडीसुद्धा इंग्लंडात मिळते. कागद आधी बघा: आरसी बुकातला चॅसी नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळत नसेल तर चहा पिऊन परत या.

बघायला जाताना खिशात एक छोटं चुंबक ठेवा. दारांखालचे सिल, पुढच्या काचेखालचा कोपरा आणि मागची सबफ्रेम, म्हणजे मागची चाकं धरणारा सांगाडा, या तिन्ही जागी लावा. चिकटलं नाही तर तिथे पत्रा नाही, पुटी आहे. गाडी एका बाजूला बसलेली दिसली तर रबराचे शंकू मेलेत, तो खर्च किमतीतून कापून घ्या. सकाळी जा, आणि आदल्या दिवशीच मालकाला फोन करून सांगा की मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. थंड इंजिन पहिल्या मिनिटात जे बोलतं ते गरम झाल्यावर बोलत नाही. आणि निघायच्या आधी ड्रेन प्लग काढू देतात का, एवढं विचारून बघा.